अल्पव्ययी कार्यालयीन सर्व्हर : रचना, वर्णसंकेत आणि जतन

१. पद आणि संकल्पना

'सर्व्हर' हा शब्द उच्चारताच सामान्य माणसाच्या डोळ्यांसमोर वातानुकूलित खोलीतील एक उंच लोखंडी कपाट उभे राहते. ही कल्पना मोठ्या संस्थांच्या व्यवहारातून आलेली आहे आणि तिच्यामुळेच लहान व्यावसायिक या विषयापासून दूर राहतात. वास्तविक हे पद कर्तृवाचक आहे. 'वाचक', 'लेखक', 'सेवक' या पदांप्रमाणे त्याने वस्तूचा नव्हे, तर कार्याचा बोध होतो. एका जाळ्यातील इतर संगणकांनी मागितलेली फाइल देणे, त्यांनी दिलेली फाइल ठेवून घेणे आणि कोणाला काय द्यावयाचे याचा निर्णय करणे हे कार्य जो संगणक अखंड करतो, तो त्या जाळ्यापुरता सर्व्हर होय. हे कार्य करण्यास विशिष्ट जातीचेच यंत्र पाहिजे, असा अर्थ त्या पदात नाही. पाच-सहा माणसांच्या कार्यालयात जुना टेबलावरील संगणकही ही भूमिका समर्थपणे पार पाडू शकतो. अल्पव्ययी सर्व्हरची सारी शक्यता या भेदावर उभी आहे.

तथापि यंत्र स्वस्तात मिळते म्हणून व्यवस्थाही आपोआप स्वस्तात मिळते, असे नाही. प्रस्तुत लेखात उदाहरणादाखल लहान मराठी प्रकाशन-व्यवसाय डोळ्यांसमोर ठेवून या व्यवस्थेचे विवेचन केले आहे. हा व्यवसाय निवडण्याचे कारण असे की, त्याची खरी मालमत्ता फाइलींच्या रूपातच असते. शिवाय त्या फाइली मराठीत असल्यामुळे वर्णसंकेताचे काही प्रश्न तेथे उद्भवतात. सर्व्हरविषयीच्या सामान्य मार्गदर्शनात ते क्वचितच आढळतात, पण भाषेच्या अभ्यासकाला मात्र ते दुर्लक्षिता येणार नाहीत.

२. गरज कोठून उत्पन्न होते

अशा कार्यालयात सामान्यतः दोन अक्षरजुळणीकार, एक संपादक, एक मुद्रितशोधक, एक हिशेबनीस आणि मालक एवढी मंडळी असतात. प्रत्येकाजवळ एक संगणक असतो आणि प्रत्येकाच्या संगणकावर काही फाइली असतात. एखाद्या कादंबरीचे सातवे प्रकरण जुळणीकाराकडे असते, त्याचे तपासलेले रूप पेन-ड्राइव्हवर असते आणि छपाईला गेलेले अंतिम रूप ईमेलमध्ये असते. पाच वर्षांनी पुनर्मुद्रणाची वेळ आली, म्हणजे तिन्हींपैकी प्रमाण पाठ कोणता हे कोणालाच सांगता येत नाही. हस्तलिखितांच्या पाठभेदांचा विचार करणाऱ्यांस ही स्थिती परिचित वाटेल. फरक इतकाच की, तेथे प्रतींमधील अंतर शतकांचे असते, तर येथे ते एका आठवड्याचे असते.

सर्व्हरची पहिली उपयुक्तता यातच आहे. सर्व फाइली एका ठिकाणी राहतात, त्यांचे प्रमाण रूप एकच असते आणि त्यांच्या प्रती घेण्याचे काम एकाच जागी करावे लागते. दुसरे कारण कायद्याचे आहे. वस्तू व सेवा कराच्या कायद्याप्रमाणे हिशेबाची कागदपत्रे त्या वर्षाच्या वार्षिक विवरणपत्राच्या अंतिम तारखेपासून ७२ महिने जपून ठेवावी लागतात. कंपनी म्हणून नोंदलेल्या व्यवसायावर आणखी एक बंधन आहे. २०१४ च्या कंपनी लेखा नियमांत ऑगस्ट २०२२ मध्ये झालेल्या दुरुस्तीनुसार, इलेक्ट्रॉनिक रूपात ठेवलेल्या हिशेबाची प्रत भारतात असलेल्या सर्व्हरवर दररोज घेणे आवश्यक आहे. तेव्हा प्रती घेण्याची शिस्त ही केवळ हौसेची गोष्ट राहिलेली नाही.

३. यंत्राची निवड

मोठ्या कार्यालयांतील संगणक तीन ते पाच वर्षांनी बदलले जातात व दुरुस्ती करून पुन्हा बाजारात येतात. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० चा सर्वसाधारण आधार संपला. इंटेलच्या आठव्या पिढीपूर्वीचे बहुतेक संगणक विंडोज ११ साठी अधिकृतपणे पात्र नाहीत. त्यामुळे सुस्थितीतील पुष्कळ यंत्रे निकामी ठरविली जात आहेत. लिनक्सवर चालणाऱ्या सर्व्हरला या अटीचे बंधन नाही. फाइली देण्याघेण्याच्या कामाला चार गाभ्यांचा असा प्रोसेसर आणि ८ गिगाबाइट स्मृती पुरेशी होते. १६ गिगाबाइट असल्यास अधिक बरे.

निवड करताना मात्र एक चूक वारंवार होते. पुस्तकाएवढ्या आकाराचे छोटे संगणक दिसावयास सुबक व विजेला काटकसरी असतात, पण त्यांच्यात मोठ्या हार्ड डिस्कसाठी जागा नसते. मग डिस्का बाहेरून यूएसबीच्या तारेने जोडाव्या लागतात. तार सैल होणे, जोडणी मध्येच तुटणे असे प्रकार तेथे संभवतात. म्हणून साडेतीन इंची दोन डिस्का आत बसतील, असा उभ्या पेटीचा संगणक घ्यावा.

दुसरा मोह जुन्या, कपाटात बसणाऱ्या खऱ्या सर्व्हरचा असतो. असे यंत्र कधी कधी अत्यल्प किमतीत मिळते. त्याचा खर्च विजेच्या देयकात दिसतो. सरासरी ३० वॅट घेणारा संगणक वर्षभर अहोरात्र चालल्यास सुमारे २६३ युनिट वीज खर्च होते. दर युनिटला १० रुपये धरल्यास ही रक्कम वर्षाला सुमारे २,६३० रुपये होते. जुना सर्व्हर सरासरी १५० वॅट घेत असेल, तर त्याच हिशेबाने १,३१४ युनिट व १३,१४० रुपये होतात. पाच वर्षांत हा फरक ५२,००० रुपयांहून अधिक भरतो. शिवाय त्याच्या पंख्यांचा आवाज शेजारी बसून मुद्रिते तपासणाऱ्याला सहन होण्याजोगा नसतो. फुकट मिळालेले यंत्रही येथे महाग पडते.

उलटपक्षी, साध्या संगणकाची एक उणीव मान्य केली पाहिजे. स्मृतीतील एखादा बिट चुकल्यास तो ओळखून दुरुस्त करण्याची सोय खऱ्या सर्व्हरच्या स्मृतीत असते, साध्या संगणकात ती बहुधा नसते. लहान कार्यालयाने हा धोका पत्करावयास हरकत नाही. तो पत्करला आहे याचे भान ठेवून प्रतींची व्यवस्था अधिक काटेकोर करावी, म्हणजे झाले.

४. डिस्का आणि 'रेड'

यंत्रातील सर्वांत लवकर झिजणारा भाग म्हणजे फिरती हार्ड डिस्क. म्हणून दोन समान डिस्का घेऊन प्रत्येक लेखन दोन्हींवर एकाच वेळी करण्याची पद्धत आहे. ४ टेराबाइटच्या दोन डिस्का असल्या, तरी वापरास जागा ४ टेराबाइटच मिळते. एक डिस्क बंद पडली तरी काम थांबत नाही, हा तिचा मोबदला होय.

या पद्धतीच्या 'रेड' या नावाचा इतिहास उद्‌बोधक आहे. १९८८ मध्ये बर्कली येथील कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिड पॅटरसन, गार्थ गिब्सन आणि रँडी कॅट्झ यांनी आपल्या निबंधात अनेक स्वस्त डिस्का एकत्र जोडून एका महागड्या डिस्कहून सरस रचना कशी साधता येईल, हे दाखविले. इंग्रजीतील या आद्याक्षरी नावातील एक अक्षर मुळात 'स्वस्त' या अर्थाच्या शब्दाचे होते. पुढे उद्योगाने त्याच अक्षराचा अर्थ 'स्वतंत्र' असा लावला. नाव तसेच राहिले व अर्थ पालटला. अल्पव्ययी सर्व्हर बांधणारा मनुष्य एका परीने त्या नावाच्या मूळ अर्थाकडेच परत जात असतो.

डिस्का घेताना दोन गोष्टी पाहाव्या. काही डिस्कांत लेखनाच्या पट्ट्या कौलांप्रमाणे एकमेकींवर अंशतः चढविलेल्या असतात. एक पट्टी बदलावयाची तर शेजारच्याही पुन्हा लिहाव्या लागतात, आणि बंद पडलेल्या डिस्कच्या जागी नवी बसवून ती भरताना हे काम फार लांबते. अशा डिस्का या रचनेत टाळाव्या. तसेच दोन्ही डिस्का एकाच वेळी, एकाच खोक्यातून न घेता वेगवेगळ्या खेपेतील घ्याव्या. एकाच खेपेत निर्मितीचा दोष असल्यास दोन्ही एकदमच जाण्याचा संभव असतो.

साध्या जोड-रचनेत आणखी एक प्रश्न राहतो. दोन डिस्कांवरील मजकूर काही कारणाने भिन्न निघाला, तर खरा कोणता हे तिला कळत नाही. सन मायक्रोसिस्टिम्सने २००५ मध्ये प्रसृत केलेल्या झेडएफएस या रचनेत प्रत्येक खंडाबरोबर त्याचा पडताळा-अंक ठेवलेला असतो. वाचताना तो जुळला नाही, तर दुसऱ्या डिस्कवरील खंड वाचून चुकलेला खंड दुरुस्त केला जातो. लिनक्सच्या गाभ्यात असलेली बीटीआरएफएस ही रचनाही जोड-डिस्कांवर हेच कार्य करते. दीर्घकाळ न उघडल्या जाणाऱ्या फाइलींसाठी, म्हणजे नेमक्या जुन्या पुस्तकांच्या फाइलींसाठी, ही सोय मोलाची आहे. ठरावीक दिवशी सर्व खंड वाचून पडताळण्याची आज्ञा मात्र देऊन ठेवावी लागते.

५. प्रणाली, वाटप आणि अधिकार

यंत्रावर घालावयाची प्रणाली मोफत मिळते. विंडोज सर्व्हरच्या नेहमीच्या आवृत्त्यांत यंत्राच्या परवान्याखेरीज वापरणाऱ्यांसाठी किंवा त्यांच्या यंत्रांसाठी पृथक् परवाने घ्यावे लागतात. १९९३ मध्ये इयन मर्डॉक यांनी सुरू केलेल्या डेबियन या लिनक्सला असा परवानाखर्च नाही. तिची नवी स्थिर आवृत्ती सुमारे दोन वर्षांनी निघते आणि प्रत्येक आवृत्तीला एकंदर पाच वर्षांपर्यंत सुरक्षा-दुरुस्त्या मिळू शकतात. ज्या कार्यालयात संगणकतज्ज्ञ नाही, तेथे हा संथपणा हा गुणच होय.

विंडोजच्या संगणकांना लिनक्सच्या फाइली दिसाव्यात यासाठी 'सांबा' हा आज्ञासंच लागतो. ऑस्ट्रेलियातील कॅनबेरा येथे अँड्र्यू ट्रिजेल यांनी तो १९९२ मध्ये प्रथम प्रसृत केला. त्याचे आधीचे नाव दुसऱ्या एका कंपनीच्या व्यापारचिन्हाशी जुळत असल्यामुळे बदलावे लागले. तेव्हा ट्रिजेल यांनी संगणकातील शब्दसूचीत विंडोजच्या फाइल-संकेताच्या नावातील स, म, ब ही तीन अक्षरे त्याच क्रमाने असलेले शब्द शोधले आणि त्यांतून 'सांबा' निवडला. नृत्याशी या नावाचा संबंध एवढाच.

सांबामध्ये प्रत्येक व्यक्तीला स्वतंत्र नाव व परवलीचा शब्द देऊन अधिकार ठरविता येतात. उदाहरणातील कार्यालयास चार दालने पुरतात. 'चालू काम' या दालनात जुळणीकार, संपादक व मुद्रितशोधक या सर्वांना लेखनाचा अधिकार असावा. 'प्रसिद्ध' या दालनात छपाईला गेलेली अंतिम रूपे ठेवावी. तेथे लेखनाचा अधिकार संपादकाला एकट्याला, इतरांना केवळ वाचनाचा असावा. 'हिशेब' हे दालन हिशेबनीस व मालक यांच्याखेरीज कोणाला दिसूही नये. 'देवघेव' या दालनात तात्पुरत्या फाइली राहतील व त्या महिन्याने पुसल्या जातील. एकाच परवलीच्या शब्दाने सर्वांनी सर्व दालनांत जाण्याची प्रथा सोयीची वाटते, पण तिने कोणी काय बदलले याचा माग नाहीसा होतो.

सर्व्हर तारेने जोडलेला असावा. साधी गिगाबिट तार व स्विच यांची सैद्धांतिक गती सेकंदाला १२५ मेगाबाइट असते व प्रत्यक्षात १०० च्या आसपास मिळते. जुन्या १०० मेगाबिटच्या स्विचवर हीच गती १२.५ मेगाबाइटवर येते. चित्रांचे मोठे पुस्तक उघडताना जुळणीकाराला हा फरक तत्काळ जाणवतो. सर्व्हर महाजालाच्या बाहेरील बाजूस कधीही उघडा ठेवू नये. घरून काम करावयाचे असल्यास वायरगार्डसारख्या बंदिस्त मार्गानेच आत यावे.

ही सावधगिरी काल्पनिक भयापोटी सांगितलेली नाही. १२ मे २०१७ रोजी पसरलेल्या 'वॉनाक्राय' या खंडणीखोर आज्ञावलीने फाइल-वाटपाच्या जुन्या संकेतातील दोषाचाच उपयोग केला होता. त्या दोषाची दुरुस्ती मार्च २०१७ मध्येच उपलब्ध झाली होती. ज्यांनी ती लावली नव्हती, त्यांच्या फाइली कुलूपबंद झाल्या. सांबाच्या २०१९ मधील ४.११ या आवृत्तीपासून तो जुना संकेत मुळातच बंद ठेवलेला असतो.

६. मराठी फाइली आणि वर्णसंकेत

येथवरचे विवेचन कोणत्याही भाषेतील कार्यालयास लागू पडेल. मराठी मजकुराचे प्रश्न यापुढे सुरू होतात. त्यांतील पहिला फाइलींच्या नावांचा आहे. लिनक्सच्या नेहमीच्या डिस्क-रचनांत एका फाइलीचे नाव २५५ बाइटांहून मोठे असू शकत नाही. यूटीएफ-८ या संकेतात रोमन अक्षराला एक बाइट लागतो, तर देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला तीन. येथे चिन्ह म्हणजे डोळ्यांना दिसणारे अक्षर नव्हे. व्यंजन, काना, मात्रा, वेलांटी, हलन्त ही प्रत्येकी पृथक् चिन्हे होत. त्यामुळे मराठी नावाला जास्तीत जास्त ८५ चिन्हे मिळतात. विंडोजमध्ये हीच मर्यादा २५५ चिन्हांपर्यंत आहे. परिणामी विंडोजच्या संगणकावर बिनतक्रार राहिलेली शंभर चिन्हांची नावे सर्व्हरवर नेताना नाकारली जातात. स्थलांतरापूर्वी अशी नावे शोधून लहान करणे अवश्य आहे.

दुसरा प्रश्न अधिक सूक्ष्म आहे. 'दुसऱ्या' हा शब्द घ्यावा. त्यातील अर्धा र, म्हणजे ज्याला नुक्त्याच्या र चा आधार देऊन लिहिले जाते तो, युनिकोडमध्ये तीन प्रकारे येऊ शकतो. एक म्हणजे 'ऱ' हे एकसंध चिन्ह व पुढे हलन्त. दुसरा म्हणजे साधा र, नुक्ता व हलन्त. तिसरा म्हणजे साधा र, हलन्त व जोडणारे अदृश्य चिन्ह. पहिल्या प्रकारे हा शब्द सात चिन्हांचा, २१ बाइटांचा होतो, तर उरलेल्या दोहोंत आठ चिन्हांचा, २४ बाइटांचा. पडद्यावर व कागदावर तिन्ही रूपे सारखीच दिसतात. सर्व्हरच्या दृष्टीने मात्र 'दुसऱ्या आवृत्तीचे मुखपृष्ठ' या नावाच्या तीन निरनिराळ्या फाइली एकाच दालनात सुखाने नांदू शकतात आणि एक शोधताना दुसरी सापडत नाही.

युनिकोडच्या प्रमाणीकरणाने पहिले व दुसरे रूप एक करता येते, कारण ती दोन्ही परस्परतुल्य मानलेली आहेत. तिसरे रूप मात्र त्या नियमांत तुल्य नाही, ते स्वतंत्र नियमाने बदलावे लागते. येथे यंत्राचा प्रश्न संपून लेखनाचा प्रश्न सुरू होतो. कोणते रूप प्रमाण मानावयाचे, हे कार्यालयाने एकदा ठरवून सर्व संगणकांवरील कळफलक त्याप्रमाणे लावले पाहिजेत.

तिसरा प्रश्न क्रमाचा आहे. केवळ संकेतांकाच्या क्रमाने यादी लावली, तर ळ हा ल च्या लगेच पुढे येतो. मराठी कोशांच्या परंपरेत तो ह नंतर येतो. त्याचप्रमाणे रोमन आकडे देवनागरी अक्षरांच्या आधी, तर देवनागरी आकडे नंतर लागतात. '1 प्रस्तावना' आणि '२ मनोगत' या फाइली एका यादीच्या दोन टोकांना जाऊन बसतात. दिनांक वर्ष-महिना-दिवस या क्रमाने व एकाच प्रकारच्या आकड्यांत लिहिण्याचा नियम केल्यास हा घोटाळा टळतो.

चौथा प्रश्न सर्वांत गंभीर आहे, कारण तो गतकाळाचा आहे. भारतीय लिप्यांचा आयएससीआयआय हा प्रमाण संकेत १९९१ मध्ये निश्चित झाला व युनिकोडची पहिली आवृत्तीही त्याच वर्षी निघाली. तथापि अक्षरजुळणीच्या व्यवसायात पुढे दीर्घकाळ वेगळीच पद्धत चालू राहिली. तीत देवनागरी अक्षरांच्या आकृती रोमन अक्षरांच्या जागी बसविलेल्या असत. अशा फाइलीत प्रत्यक्षात मराठी मजकूर नसतोच. तेथे रोमन अक्षरांची व खुणांची एक मालिका असते आणि विशिष्ट फाँट असेपर्यंतच ती मराठी दिसते. फाँट गेला की मजकूर गेला. सर्व्हरची शोधसूची त्या फाइलीत एकही मराठी शब्द शोधू शकत नाही.

लहान प्रकाशकाच्या दृष्टीने ही हानी डिस्क बंद पडण्याहून कमी नाही. फाइल सुरक्षित आहे, तिचा प्रत्येक बिट जागच्या जागी आहे, आणि तरीही पुस्तक वाचता येत नाही, अशी ही अवस्था आहे. म्हणून 'प्रसिद्ध' या दालनात प्रत्येक पुस्तकाची तीन रूपे ठेवावी. मूळ फाइल व तिचे फाँट हे पहिले, फाँट आत गोठवलेली पीडीएफ हे दुसरे आणि युनिकोडमध्ये रूपांतर करून माणसाने तपासलेला निव्वळ मजकूर हे तिसरे. रूपांतराची साधने उपलब्ध आहेत. पण जोडाक्षरे, रफार व ऱ्हस्व वेलांटी यांच्या जागी ती चुकतात, कारण या चिन्हांचा दृश्य क्रम आणि उच्चाराचा क्रम भिन्न असतो. वेलांटी व्यंजनाच्या डावीकडे दिसते, पण युनिकोडमध्ये ती त्याच्यानंतर लिहावी लागते. रफार अक्षराच्या माथ्यावर दिसतो, पण संकेतात तो त्या अक्षराच्या आधी येतो. तपासणीला म्हणूनच मराठी जाणणारा माणूस लागतो.

७. प्रत म्हणजे काय

दोन डिस्कांची जोड-रचना ही बॅकअप नव्हे, हे या विषयातील सर्वांत महत्त्वाचे विधान आहे. चुकून पुसलेली फाइल दोन्ही डिस्कांवरून एकाच क्षणी पुसली जाते. ही रचना यंत्राच्या दोषापासून संरक्षण देते, माणसाच्या चुकीपासून नाही.

माणसाच्या चुकीवर पहिला उपाय म्हणजे स्नॅपशॉट. झेडएफएस व बीटीआरएफएस या रचनांत दर तासाला दालनाची तत्कालीन स्थिती गोठवून ठेवता येते. बदललेले खंड तेवढे वेगळे राहत असल्याने त्यास जागा थोडी लागते. वापरणाऱ्याच्या संगणकावर खंडणीखोर आज्ञावली शिरली व तिने सर्व्हरवरील फाइली बिघडविल्या, तरी हे गोठविलेले रूप त्या संगणकाच्या अधिकारकक्षेबाहेर असल्याने शाबूत राहते.

दुसरा उपाय पृथक् डिस्कवरील प्रत. अमेरिकन छायाचित्रकार पीटर क्रोग यांनी रूढ केलेला नियम येथे प्रमाण मानला जातो. मूळ धरून तीन प्रती, दोन प्रकारच्या माध्यमांवर, त्यांपैकी एक अन्य स्थळी. शेवटची अट खर्चाची वाटते व तीच बहुधा गाळली जाते. १२ जुलै १९६१ रोजी पानशेतचे धरण फुटून पुण्याच्या नदीकाठच्या पेठांत पाणी शिरले. २६ जुलै २००५ रोजी मुंबईत सांताक्रूझ येथे चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला. अशा दिवशी तळमजल्यावरील कार्यालयात एका यंत्राच्या शेजारी ठेवलेले दुसरे यंत्र प्रतीचे काम करू शकत नाही. दोन्हींना एकच पाणी लागते.

अन्य स्थळाच्या प्रतीचा हिशेब करणे कठीण नाही. कार्यालयाच्या फाइली एकंदर ६०० गिगाबाइट आहेत असे धरावे. सेकंदाला १०० मेगाबाइट या गतीने बाहेरच्या डिस्कवर त्या उतरविण्यास १ तास ४० मिनिटे लागतात. महाजालावर पाठविण्याची गती २० मेगाबिट, म्हणजे सेकंदाला २.५ मेगाबाइट असल्यास त्याच कामाला दोन दिवस एकोणीस तासांच्या आसपास लागतील. म्हणून पहिली प्रत डिस्कवर घेऊन हाताने नेऊन ठेवावी. पुढे रोज होणारा बदल २ गिगाबाइट असेल, तर तो पाठविण्यास सुमारे १३ मिनिटे पुरतात. बदललेला तेवढाच भाग ओळखून पाठविण्याचे काम 'आरसिंक' ही आज्ञावली करते. तीही ट्रिजेल यांचीच, पॉल मॅकेरस यांच्या सहकार्याने १९९६ मध्ये सिद्ध झालेली. तिच्यामागील पद्धतीचे विवेचन ट्रिजेल यांच्या १९९९ च्या पीएच.डी. प्रबंधात आहे. एका प्रबंधातील विचार जगभरच्या लहान कार्यालयांत रोज रात्री राबत असतो, ही गोष्ट संशोधन करणाऱ्या विद्यार्थ्यांनी लक्षात घेण्याजोगी आहे.

घेतलेली प्रत उघडून पाहिल्यावाचून ती प्रत आहे असे मानू नये. दर तीन महिन्यांनी एक जुने पुस्तक निवडून ते केवळ प्रतीवरून दुसऱ्या संगणकावर उघडावे. ते उघडले, अक्षरे जागच्या जागी दिसली व हव्या त्या पानाची छपाई निघाली, तरच व्यवस्था चालू आहे असे म्हणता येईल.

८. देखभाल आणि मर्यादा

विजेचा खेळखंडोबा जेथे नित्याचा आहे, तेथे यूपीएस हा सर्व्हरचाच अवयव समजावा. वीज गेल्याचे यूएसबी तारेने सर्व्हरला कळविणारे यूपीएस घ्यावे, म्हणजे बॅटरी संपण्यापूर्वी यंत्र स्वतःच व्यवस्थित बंद होते. यंत्र जमिनीपासून वर, भिंतीच्या ओलीपासून दूर ठेवावे व पावसाळ्यापूर्वी एकदा धूळ काढावी. डिस्कमध्ये दोष दिसू लागताच ईमेल येईल अशी योजना करावी. जोड-रचनेतील एक डिस्क बंद पडूनही काम चालूच राहते. त्यामुळे सूचनेवाचून ते कोणाच्याही ध्यानात येत नाही आणि दुसरी गेल्यावरच उलगडा होतो.

प्रत्येक कार्यालयाने हा मार्ग स्वीकारावाच, असेही नाही. आठवड्यातून अर्धा तास या यंत्राकडे पाहण्यास कोणी तयार नसेल, तर तयार फाइल-पेटी किंवा भाड्याची महाजालीय जागा अधिक योग्य ठरेल. यंत्रावर वाचविलेल्या पैशाची भरपाई कोणाच्या तरी नियमित लक्षाने करावी लागते. ते लक्ष उपलब्ध नसताना केलेली बचत आभासात्मक असते.

शेवटची गोष्ट नोंदवहीची. लहान कार्यालयात सर्व्हर बहुधा एकाच माणसाला कळतो, आणि तो माणूस नोकरी सोडून गेला की यंत्र चालू असूनही परके होते. कोणती डिस्क कोठे आहे, प्रत केव्हा घेतली जाते, ती परत कशी उतरवावयाची, फाइलींच्या नावांचे व 'ऱ' च्या लेखनाचे नियम कोणते, हे सर्व मराठीत, त्या कार्यालयातील हिशेबनिसालाही समजेल अशा भाषेत, कागदावर लिहिलेले असावे. परवलीचे मुख्य शब्द बंद पाकिटात मालकाजवळ असावे. नोंदवही पुरी लिहिली की नाही, याची कसोटी सोपी आहे. जिने हे यंत्र कधी हाताळले नाही अशा व्यक्तीच्या हाती ती द्यावी व एक पुसलेली फाइल परत आणावयास सांगावे. ज्या वाक्यापाशी ती व्यक्ती अडेल, ते वाक्य पुन्हा लिहावे.